‘मॅगझिन’: कोठार, दुकान, मासिक आणि एका देशाचे सरकारसुद्धा

पडवीतली
(धागा प्रवर्तक)

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे कझानला गेले होते. ती तेथे वैद्यकीय शिक्षण घेते. निघण्याआधी महिनाभर रशियन अक्षरांचा तक्ता घोकला होता, त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचून पाहण्याची हौस होती. वसतिगृहासमोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर निळ्या रंगात सात अक्षरे होती. एकेक जुळवत गेले तेव्हा ‘मागाझीन’ असे वाचता आले आणि बरे वाटले, कारण प्रवासात वाचायला काही घ्यायचे राहून गेले होते; भाषा कळली नाही तरी चित्रे तरी पाहू, असा विचार करून आत शिरले. आत राय धान्याचे काळपट पाव, शेपू घालून खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या, दही, साबण आणि कपडे धुण्याची पावडर होती. छापील कागद एकच दिसला, तो म्हणजे गल्ल्यावरच्या बाईंनी माझ्या हाती दिलेली पावती.

रशियन भाषेत ‘मागाझीन’ म्हणजे दुकान, कोणतेही दुकान. मॉस्कोच्या लाल चौकातील ‘गूम’ ह्या प्रसिद्ध इमारतीच्या नावातील शेवटचा ‘म’ हा ह्याच शब्दाचा आहे. परत आल्यावर हा शब्द डोक्यातून जाईना, म्हणून कोश चाळत बसले. जे हाती लागले ते येथे मांडते आहे. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तेथे कान धरावा.

मूळ शब्द अरबी आहे. ख-ज-न ह्या धातूचा अर्थ साठवणे, राखून ठेवणे. अरबीत धातूच्या आधी ‘म’ लावून स्थळवाचक नाम बनते. सजदा करण्याची जागा ती मशीद आणि दर्स म्हणजे पाठ देण्याची जागा तो मदरसा. आपला मुदपाकखाना हाही मुळात स्वयंपाकाच्या जागेसाठी असलेला ‘मतबख’च आहे. त्याच रीतीने साठवण्याची जागा ती ‘मखजन’, आणि तिचे अनेकवचन ‘मखाजिन’. मराठीने ह्याच धातूतून फारसीमार्गे ‘खजिना’ घेतला, खजिनदारही घेतला. म्हणजे ‘मॅगझिन’ आणि ‘खजिना’ हे सख्खे भाऊ आहेत. एक समुद्रमार्गे युरोपला जाऊन साहेबी वेशात आपल्याकडे परतला आणि दुसरा खुश्कीच्या वाटेने आला, एवढाच फरक.

मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदरांत इटालियन आणि प्रोव्हान्सचे व्यापारी माल ठेवण्यासाठी वखारी घेत. त्या वखारींचे नाव त्यांनी मालाबरोबर घरी नेले. तेराव्या शतकात मार्से बंदराच्या लॅटिन कागदपत्रांत ते लॅटिन प्रत्यय लागलेल्या रूपात दिसते. इटालियनमध्ये त्याचे ‘मागाद्झीनो’ झाले आणि आजही त्याचा अर्थ वखार, गोदाम हाच आहे. ‘मोठी गोदामे’ असे अनेकवचन केले की इटालियन माणसाच्या डोळ्यांपुढे अनेक मजल्यांचे सर्ववस्तू भांडार उभे राहते. मासिकाला मात्र तो ‘रिव्हिस्ता’ म्हणतो.

फ्रेंचमध्ये ‘मागाझॅं’ आधी कोठारच होते. घाऊक व्यापारी कोठारातूनच विक्री करीत आणि किरकोळ विक्रेत्याची असे ती ‘बुतीक’. पुढे बुतीकपेक्षा भारदस्त वाटावे म्हणून दुकानदार स्वतःच्या जागेला ‘मागाझॅं’ म्हणवून घेऊ लागले, आणि 1852 पासून आरिस्तीद बुसिको ह्यांनी पॅरिसमध्ये ‘ल बों मार्शे’ हे सर्ववस्तू भांडार वाढवत नेल्यावर ‘ग्रां मागाझॅं’ हा शब्द जगभर गेला. (आता काळाची गंमत अशी की भारदस्तपणा हवा असेल तर लोक दुकानाला ‘बुतीक’ म्हणतात.)

रशियात हा शब्द पीटर द ग्रेटच्या काळात पश्चिमेकडून आला. त्या काळच्या लेखनात ‘मागाझेइन’ असेही रूप सापडते, ते डच उच्चाराशी जुळणारे आहे. सुरुवातीला तो सैन्याच्या आणि धान्याच्या कोठारांसाठी होता. दुष्काळात उपयोगी पडावे म्हणून खेडोपाडी धान्य राखून ठेवणारी कोठारेही ह्याच नावाने ओळखली जात. दुकान हा अर्थ पुढे फ्रेंच चालीने रूढ झाला. डचमध्ये मात्र ‘माखाझैन’ आजही गोदामच राहिले आहे. जर्मन भाषेने कोणताच अर्थ सोडला नाही: गोदाम, बंदुकीतील गोळ्यांचा कप्पा, ग्रंथालयातील वाचकांना प्रवेश नसलेला पुस्तकसाठा, साप्ताहिक आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम हे सगळे तेथे ‘मागात्सीन’ आहे.

इंग्रजांनी हा शब्द सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचांकडून घेतला, तोही कोठार ह्याच अर्थाने, आणि लवकरच तो मुख्यतः दारूगोळ्याच्या कोठाराला चिकटला. मग 1731 च्या जानेवारीत लंडनमध्ये एडवर्ड केव्ह ह्यांनी ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढले आणि तेव्हापासून मासिक हा अर्थ सुरू झाला. म्हणजे आपण शाळेपासून जो अर्थ खरा मानत आलो, तो ह्या शब्दाच्या संपूर्ण कुळात बराच धाकटा आणि खरे तर आडवळणाने आलेला आहे. माझ्या मते इंग्रजीने ह्या शब्दाची वाट चुकवली.

स्पॅनिश आणि पोर्तुगीजबद्दल लिहायचे आहे, पण धागा लांबला. प्रतिसादांत लिहीन.

उंटावरचा शहाणा

लेख आवडला. दोन शंका आहेत. पहिली अशी की पोर्तुगीज ‘आर्माझेंय’ हा कोठारासाठीचा शब्द मी गोव्याच्या जुन्या इतिहासात वाचला आहे. त्यात ‘आर्मा’ म्हणजे हत्यार हा शब्द उघड दिसतो, तेव्हा त्याचा मखजनशी संबंध कशाला जोडायचा? दुसरी अशी की डच लोक ‘माखाझैन’ म्हणतात, त्यातला ‘ख’ हा मूळ अरबी ‘ख’ जसाच्या तसा टिकलेला दिसतो. मग डचांनी तो थेट अरबांकडूनच घेतला नसेल का?

पडवीतली

दोन्ही शंका मलाही आल्या होत्या, त्यामुळे आपण एकट्याने उंटावर बसलेले नाही.

‘आर्माझेंय’मधील ‘आर’ हे हत्यार नसून अरबी ‘अल’ हे उपपद आहे. ‘अल-मखजन’चे स्पॅनिशमध्ये ‘आल्मासेन’ झाले आणि पोर्तुगीजमध्ये ‘ल’चा ‘र’ झाला. आयबेरियातील भाषांनी अरबी शब्द बहुधा ह्या ‘अल’सकट उचलले आहेत, कारण तेथे अरबी ही शेजारपाजारची, बाजाराची, शेतीवाडीची भाषा म्हणून शतकानुशतके कानांवर पडत होती. इटालियनांनी तेच शब्द बंदरात ऐकले आणि उपपद मागे ठेवले. कापसाला स्पॅनिश माणूस ‘आल्गोदोन’ म्हणतो तर इटालियन ‘कोतोने’. साखर एकाची ‘आसूकार’ आणि दुसऱ्याची ‘झुक्केरो’. शब्दाच्या डोक्यावर ‘अल’ची टोपी आहे की नाही, एवढ्यावरून तो युरोपात कोणत्या दाराने शिरला ते बरेचदा सांगता येते. आणखी एक बारकावा असा की स्पॅनिश रूप ‘मखजन’ ह्या एकवचनावरून, तर इटालियन-फ्रेंच रूपे ‘मखाजिन’ ह्या अनेकवचनावरून आलेली मानतात.

गोव्याचा उल्लेख केलात म्हणून सांगते: सोळाव्या शतकात लिस्बनमध्ये गिनी आणि हिंदुस्थानच्या आरमारी मोहिमांसाठी राजाचे जे कोठार-खाते होते, त्याच्या नावातही ‘आर्माझेंय’च होता. जहाजांची सामग्री तेथून निघे आणि समुद्री नकाशेही तेथेच राखलेले असत. हत्यारे असतीलच, पण नावाचे कारण ती नव्हेत.

डच ‘ख’ हा मात्र निव्वळ योगायोग आहे. डच भाषा ‘ग’ ह्या अक्षराचा उच्चारच घशातून घासून करते, त्यामुळे फ्रेंचमधून आलेला ‘ग’ तिच्या तोंडी जवळपास ‘ख’ झाला. शब्द जग फिरून आपल्या मूळ उच्चाराशेजारी येऊन उभा राहिला, पण त्याला घर ओळखता आले असेल असे वाटत नाही. अरबी ‘ख’ची खरी आठवण हवी असेल तर माल्टाला जावे. माल्टी ही अरबी कुळातील युरोपीय भाषा आहे आणि तिच्यात गोदामाला ‘महझेन’ म्हणतात. तेथे ‘ख’चा घशातला ‘ह’ झाला असला तरी शब्द उसना नव्हे, घरचा आहे.

खडी क्रशर

मी भाषेचा माणूस नाही, दगडखाणीचा आहे. तरीही लिहितो, कारण येथे सगळे ह्या शब्दाचा जुना अर्थ संपल्यासारखे बोलत आहेत. आमच्याकडे ‘मॅगझिन’ म्हटले की मासिक कोणाच्याही मनात येत नाही. सुरुंगाची स्फोटके ठेवण्याची परवानाधारक इमारत म्हणजे मॅगझिन, आणि सरकारी परवान्यातही तिला हेच नाव आहे. ती वस्तीपासून ठरवून दिलेल्या अंतरावर, एकटी उभी असते. भोवती कुंपण, वर वीजरोधक, आणि डिटोनेटर दुसऱ्या खोलीत, कारण ते आणि स्फोटके एकत्र ठेवायची नसतात. खिळे मारलेले बूट घालून आत जाता येत नाही, काडेपेटी आणि मोबाइल बाहेर काढून ठेवावे लागतात. किती कांड्या आल्या, किती गेल्या, किती उरल्या, हे नोंदवहीत रोज लिहावे लागते.

माझ्या मुलाने पहिलीत असताना बाईंना सांगितले होते की बाबा मॅगझिनमध्ये काम करतात. पुढची दोन वर्षे स्नेहसंमेलनाच्या अंकासाठी मजकूर द्यावा म्हणून शाळेतून मला निरोप येत असे.

दिल्ली दरवाजा

क्रशरसाहेबांनी दारूगोळ्याचा विषय काढलाच आहे तर दिल्लीच्या कोठाराची आठवण करून देतो. 11 मे 1857 रोजी उठावाचे शिपाई काश्मिरी दरवाज्याजवळील कंपनीच्या शस्त्रागाराशी पोहोचले, तेव्हा लेफ्टनंट जॉर्ज विलोबी आणि त्याच्या मूठभर साथीदारांनी ते हाती पडू नये म्हणून स्वतःच उडवून दिले. त्याची उरलेली कमान लोथियन रस्त्याच्या मधोमध, वाहनांच्या गर्दीत आजही उभी आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ती जागा ‘दिल्ली मॅगझिन’ म्हणून येते, आणि शाळेत असताना मला ते वृत्तपत्राचे कार्यालय वाटले होते, हे प्रांजळपणे कबूल करतो.

कोशकीटक

धागा उत्तम आहे, पण ‘इंग्रजीने ह्या शब्दाची वाट चुकवली’ हे धागाकर्तीचे विधान मला मान्य नाही.

पहिली गोष्ट, केव्ह ह्यांनी हा अर्थ आकाशातून काढला नव्हता. त्यांच्या आधी शंभरेक वर्षांपासून इंग्रजीत माहितीचा साठा असलेल्या पुस्तकाला ‘मॅगझिन’ म्हणण्याची रीत होती. 1669 मध्ये सॅम्युअल स्टर्मी ह्यांचे खलाशांसाठीचे जाडजूड पुस्तक ह्याच नावाने निघाले होते. केव्ह ह्यांनी तीच कल्पना दरमहा निघणाऱ्या प्रकाशनाला लावली. त्यांच्या अंकाचे मूळ काम नवे लिहिणे हे नव्हते; लंडनच्या असंख्य पत्रांतून महिनाभरात जे वेचण्यासारखे छापून येई, ते कोठारात साठवावे तसे एकत्र साठवणे, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले होते. म्हणजे नाव अगदी शब्दशः होते. पुढच्याच वर्षी ‘लंडन मॅगझिन’ निघाले, 1739 मध्ये ‘स्कॉट्स मॅगझिन’, 1747 मध्ये जर्मनीत ‘हांबुर्गिशेस मागात्सीन’. 1756 मध्ये लंडनमध्ये शिक्षिकेचे काम करणाऱ्या ल प्रँस द बोमाँ ह्या फ्रेंच बाईंनी मुलांसाठी ‘मागाझॅं देझांफां’ छापले. ‘सुंदरी आणि पशू’ ही गोष्ट आज सर्वांना ज्या आटोपशीर रूपात ठाऊक आहे, ते रूप त्यातले. फ्रेंच वाचकाला त्या शीर्षकात मुलांचे दुकान दिसले असेल की पुस्तक, कोण जाणे. पुढे फ्रेंचांनी मासिकासाठी इंग्रजी वळणाचा ‘मागाझीन’ हा वेगळा शब्दच घेतला आणि घरातला मुलगा पाहुणा म्हणून परत आला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ग्रंथाला कोठार म्हणणे हे इंग्रजांचे आडवळण नसून फार जुना राजरस्ता आहे. बाराव्या शतकात निजामी गंजवी ह्यांनी आपल्या फारसी काव्याला ‘मखजन-उल-असरार’, म्हणजे रहस्यांचे कोठार, असे नाव दिले. तेव्हा लंडनच्या केव्ह ह्यांचा जन्म व्हायला पाच शतके होती. ग्रीक भाषेत ‘थेसॉरस’ म्हणजे धनकोठार, आणि आज तो समानार्थी शब्दांचा ग्रंथ आहे. इतके दूर कशाला जायचे? आपला ‘कोश’ घ्या. राजकोशात द्रव्य असते आणि शब्दकोशात शब्द, पण कोश तोच. ‘भांडार’ तर तिन्ही घरे हिंडून आले आहे: मंदिराचे भांडार हे कोठार, वस्त्रभांडार हे दुकान आणि ज्ञानभांडार हा ग्रंथ. युरोपातील दहा भाषांनी वाटून घेतलेले अर्थ मराठीने एकाच शब्दाच्या पदरात बांधून ठेवले आहेत.

तेव्हा वाट चुकली ती इंग्रजीची नव्हे, आपली. आपण कोठार विसरलो आणि फक्त गुळगुळीत कागद लक्षात ठेवला.

पडवीतली

कोशकीटक, निजामींचा दाखला निरुत्तर करणारा आहे. विधान मागे घेते, पण अर्धेच. इंग्रजीत मासिकाचा अर्थ इतका वरचढ झाला की साध्या गोदामाला आता तेथे कोणी हे नाव देत नाही. दारूगोळा आणि बंदूक एवढ्यांपुरताच जुना अर्थ उरला. जर्मन किंवा पोलिश माणसाला मात्र ‘मागाझिन’ ऐकल्यावर संदर्भ पाहूनच गोदाम की मासिक हे ठरवावे लागते, म्हणजे त्याच्या मनात दोन्ही दारे उघडी राहिली आहेत.

कोठाराचे दुकान होणे हीदेखील एकट्या फ्रेंचांची लहर नव्हे. मी लेखात ज्या ‘बुतीक’ला मागाझॅंच्या विरुद्ध उभे केले, ती स्वतः ग्रीक ‘अपोथेके’ची मुलगी आहे आणि अपोथेके म्हणजे पुन्हा कोठारच! त्याच ग्रीक शब्दापासून स्पॅनिश लोकांची दारूची ‘बोदेगा’ आणि जर्मनांचे औषधाचे दुकान ‘आपोटेके’ झाले. ग्रीकांनी मात्र आपला शब्द गोदामासाठी ठेवून दुकानासाठी ‘मागाझी’ बाहेरून आणला.

फ्योर्डकाठी

नॉर्वेहून लिहितो. येथे ‘मागासीन’ म्हणजे मासिकही आहे आणि साठाही, पण बातम्यांत तो शब्द रोज ऐकू येतो तो वेगळ्याच अर्थाने. ह्या देशाची वीज बहुतांशी पाण्यावर होते आणि धरणामागील जलसाठ्याला ‘मागासीन’ म्हणतात. जलाशय किती टक्के भरले ह्याचे आकडे दर आठवड्याला जाहीर होतात, त्याला ‘मागासीनफिलिंग’ असा शब्द आहे, आणि हिवाळ्याच्या शेवटी तो आकडा खाली गेला की घरोघरी वीजबिलाची चिंता सुरू होते. पहिल्या वर्षी मला वाटले होते की वर्गणीदार कमी झाले म्हणून एवढी हळहळ चालली आहे. आपल्याकडे जून कोरडा गेला की कोयनेचा साठा पाहतात, तसलाच हा प्रकार.

शेजारी कोपनहेगनला ‘मागासीन दु नोर’ नावाचे जुने मोठे दुकान आहे. डॅनिश लोक त्याला नुसते ‘मागासीन’ म्हणतात.

दोन बोटे कॉफी

ब्राझीलची भर घालतो. तेथे पोर्तुगीज बोलतात, त्यामुळे ‘आर्माझेंय’ गोदामासाठी आहेच. पण फ्रेंच प्रभावाच्या काळात ‘मागाझीनी’ हा शब्द दुकान ह्या अर्थाने आला आणि त्याचे स्पेलिंग इंग्रजी मासिकासारखेच हुबेहूब आहे. ‘मागाझीनी लुईझा’ ही तेथील मोठी विक्रीसाखळी आहे. फ्रीज, पंखे, फोन सगळे मिळते. एखाद्या लुईझाबाईंचे महिलांसाठीचे मासिक असावे असा माझा समज पहिला आठवडाभर कायम होता. त्याच खंडात अर्जेंटिनात ‘आल्मासेन’ म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान, तर स्पेनमध्ये तोच शब्द गोदामाचा. एकच भाषा, मध्ये एक महासागर आला, एवढेच.

उंटावरचा शहाणा

शीर्षकात ‘एका देशाचे सरकारसुद्धा’ असे आहे. ते राहिलेच.

पडवीतली

खरेच राहिले, क्षमस्व. तो देश मोरोक्को. तेथे ‘मखजेन’ म्हणजे सुलतानाचे शासन, राजसत्ता. कर गोळा होऊन जेथे साठतो ते कोठार, म्हणून ते कोठार ज्याच्या ताब्यात तो राज्यकर्ता, असा हा अर्थ चढत गेला. आजही राजवाड्याभोवतीच्या सत्तावर्तुळाला तेथील लोक हाच शब्द वापरतात, बहुधा आवाज थोडा खाली आणून. फ्रेंच आणि स्पॅनिश अंमल तेथे आल्यावर हा शब्द त्या भाषांतही नव्याने शिरला, म्हणजे ज्या भाषांत तो दुकान आणि गोदाम होऊन आधीच राहत होता, तेथेच सरकार म्हणून दुसऱ्यांदा आला.

कोशकीटक

आणखी एक परतीचा प्रवास सांगतो. एप्रिल 1901 मध्ये लाहोरहून शेख अब्दुल कादिर ह्यांनी एक उर्दू वाङ्मयीन मासिक सुरू केले. इकबाल ह्यांची ‘हिमाला’ ही कविता त्याच्या पहिल्याच अंकात छापली गेली. मासिकाचे नाव होते ‘मखजन’.

पडवीतली

वा! ह्यावर आता माझ्याकडे भर घालण्यासारखे काही नाही.

हा धागा मुलीला पाठवला होता. तिला विचारले की मग रशियात मासिकाला काय म्हणतात. ती म्हणाली, ‘झुर्नाल’. पण मैत्रिणींसमोर तो शब्द काढू नकोस, कारण वर्गात ज्या वहीत हजेरी आणि गुण मांडतात, तिलाही झुर्नालच म्हणतात आणि तिची ह्या महिन्याची हजेरी बरी नाही. फ्रेंच ‘दिवस’ रशियात हजेरीपुस्तकापर्यंत कसा पोहोचला, ह्याचा धागा कोशकीटक ह्यांनी काढावा. मी आधी हजेरीचे पाहते.